आईला घेऊन या

मानसीने खिडकीच्या कट्ट्यावर पालथं घातलेलं ताट उचललं. शेजारची वाटी आणि पेलाही उचलला. तिन्ही भांडी तिने मांडणीत, बाकीच्या ताटवाट्यांमध्ये, नेहमीच्या जागी ठेवून दिली.

ओट्यापाशी तिची सासू सुगंधा कोलंबी सोलत होती. तिने पाहिलं, पण हात थांबवला नाही.

"आई, हे वेगळं कशाला ठेवताय?"

"वेगळं कुठे? सुकायला ठेवलंय."

"सोमवारपासून सुकतंय?"

सुगंधाने एक कोलंबी सोलून पाण्यात टाकली आणि दुसरी घेतली. मानसी अंधेरीच्या एका स्टुडिओत मालिकांची कंटिन्युइटी सांभाळायची. आदल्या दृश्यात नायिकेच्या कुठल्या हातात पिशवी होती, पदर खांद्यावर होता की कमरेला खोचलेला, हे लक्षात ठेवायचे तिला पैसे मिळत. घरातली एखादी वस्तू हलली आणि तिला दिसली नाही, असं होणं कठीण होतं. सोमवारी तिचा पेला हलला, मंगळवारी ताट. बुधवारी सुगंधाने तिचा टॉवेल बाल्कनीतल्या दोरीच्या पार टोकाला वाळत घातला. आणि गेल्या शनिवारी तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. पाचवा महिना चालू होता. पोटातलं बाळ छान होतं, मानसीला काहीही होत नव्हतं, फक्त तिच्या रक्तात काविळीचा एक विषाणू, हिपॅटायटिस बी, होता.

"तुम्ही घाबरलात तर घाबरले म्हणा," मानसी म्हणाली. "मला राग नाही. पण गुपचूप करू नका."

सुगंधाने हातातली कोलंबी खाली ठेवली.

"माझो भाव काविळीन गेलो," ती म्हणाली. मुंबईत चाळीस वर्षं काढूनही मन हललं की तिची बोली देवगडला पोचायची. "डोळे हळदीसारखे झालले. गावात पालो दिलो, मंतरलेला पाणी दिला. मी ल्हान होतंय. माका मावशीकडे धाडल्यानी. परत इलंय तेव्हा त्याचा अंथरूण सुद्धा जाळून टाकलला."

मानसीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. सासूला एक भाऊ होता, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं. ती स्टूल ओढून बसली.

"कुठली कावीळ होती ती? तपासली होती कुणी?"

"तपासतलो कोण? कावीळ म्हणजे कावीळ."

"तसं नसतं, आई." मानसी पुढे बोलणार होती. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं. पण सासूचे ओले हात पाण्याच्या भांड्यावर तसेच धरलेले होते, आणि आपण आत्ता काहीही म्हटलं तरी ते आपल्याच बाजूचं वाटेल, हे तिला समजलं. "उद्या माझी तारीख आहे. बोरिवलीला चला माझ्याबरोबर. तुम्हाला काय हवं ते डॉक्टरना विचारा. मी मध्ये बोलणार नाही."

"विचारीन हां," सुगंधा म्हणाली. "मी लाजायची नाही."

ती खरोखरच लाजली नाही. डॉ. स्वरदा मानसीपेक्षा फार मोठ्या नव्हत्या. सुगंधाने खुर्ची टेबलाच्या जवळ ओढून घेतली.

"हिच्या ताटात जेवलं तर होतो का हा?"

"नाही."

"उष्टं पाणी प्यायलं तर?"

"नाही. शिंकल्याने, खोकल्याने, मिठी मारल्यानेही नाही. एका बाथरूमने नाही की एका बादलीने नाही."

"मग आमच्या गावी माझा भाऊ गेला तो?"

डॉक्टरांनी मानसीकडे पाहिलं. मानसी ठरल्याप्रमाणे गप्प राहिली.

"त्यांना काय झालं होतं हे आता सांगता येणार नाही," डॉ. स्वरदा म्हणाल्या. "कावीळ म्हणजे डोळे पिवळे होणं. ते फक्त दिसतं ते. आत यकृताला सूज असते आणि ती आणणारे विषाणू वेगवेगळे असतात. ए आणि ई हे घाण पाण्यातून, उघड्यावरच्या खाण्यातून, न धुतलेल्या हातांतून येतात. बी आणि सी रक्तातून. न उकळलेली सुई, एकमेकांचं दाढीचं ब्लेड, न तपासलेलं रक्त, नवराबायकोचा संबंध. आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. मानसीला बी आहे. तिच्या ताटाशी त्याचं काही देणंघेणं नाही. उलट पाणी तुम्ही तिच्यासाठी उकळा, कारण गरोदरपणात ई झाला तर तो फार वाईट."

"पाणी मी रोजच उकळते."

"मग अर्धं काम तुम्ही आधीच करताय. आता नेलकटर, टूथब्रश, तुमच्या मुलाचं ब्लेड ज्याचं त्याचं ठेवा. जखम झाली तर झाकायची. बस. आणि तुम्ही दोघं तपासून घ्या. नसेल तर लस टोचून घ्या, म्हणजे पुढे विषयच नको."

 मग सुगंधाने तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी ती बहुधा आली होती.

"आणि बाळ?"

डॉ. स्वरदांनी पेन खाली ठेवलं.

"त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप. मोठ्या माणसाला हा विषाणू झाला तर बहुतेकदा शरीर त्याला हाकलून देतं. नवजात बाळाला ते जमत नाही. एकदा शिरला की तो तिथेच मुक्काम करतो, कितीतरी वर्षं काही दाखवत नाही, आणि आतून यकृत खात राहतो. म्हणून मानसीला शेवटचे महिने रोज एक गोळी द्यायची, रक्तातले विषाणू कमी करायला. आणि बाळ जन्मलं की लगेच, त्याच दिवशी, जमेल तितक्या लवकर दोन इंजेक्शनं. एक लस आणि एक तयार प्रतिपिंडांचं, म्हणजे लगेचचं संरक्षण. पुढचे डोस वेळेवर घ्यायचे. एवढं केलं तर बाळ जवळजवळ नक्की सुटतं."

"अंगावर पाजायचं?"

"बिनधास्त."

सुगंधा मागे टेकून बसली. डॉ. स्वरदा आता मानसीशी बोलत होत्या.

"तुला हा कधी झाला असेल, विचार केलास? रक्त चढवलेलं नाही, ऑपरेशन नाही. माझा अंदाज, जन्मापासून असेल. तू जन्मलीस तेव्हा ही लस सरकारी लसीकरणात नव्हतीच. आईची तपासणी झालीय कधी?"

"नाही."

"आईला घेऊन या," डॉ. स्वरदा दोघींकडे बघत म्हणाल्या.

मानसीच्या नवऱ्याचा, नितेशचा, आणि सुगंधाचा रिपोर्ट स्वच्छ आला आणि दोघांनी लसीचा पहिला डोस घेतला. नितेश विमानतळावर कार्गोत होता. दंड चोळत तो तसाच कामाच्या पाळीला निघून गेला. त्या रात्री जेवायला बसताना सुगंधाने मांडणीतून ताटं काढली, ओळीने मांडली, आणि कुणाचं कुठलं हे न बघता वाढायला घेतलं. 

मानसीचं गाडं मात्र अडलं होतं ते घाटकोपरला.

तिची आई विमला पंतनगरच्या वसाहतीत एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ब्लाउज शिवून तिने मानसीला वाढवलं, शिकवलं, आणि मुलीच्या सासरहून कधी कुणाचं ऐकून घेण्याची वेळ येऊ दिली नाही. मानसी रविवारी गेली तेव्हा शिवणयंत्रावर चादर पसरलेली होती.

"काम नाही?"

"आहे. बसवत नाही गं हल्ली. वय झालं."

मानसीने आईकडे नीट पाहिलं. हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरत होत्या. पावलं मात्र सुजलेली होती, चपलेचा पट्टा रुतून वळ उठला होता. दर आठवड्याला भेटूनही हे आपल्या नजरेतून सुटलं, याचं तिला आश्चर्य वाटलं. सेटवर अशी चूक झाली असती तर ती स्वतःवरच चिडली असती.

तिने सरळच सांगितलं. रिपोर्ट, डॉक्टर, गोळ्या, बाळाची इंजेक्शनं. विमला ऐकत होती. मानसी "घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची आहे" इथवर आली आणि विमलाची मान वर झाली.

"माझीपण?"

"हो. साधी रक्ताची तपासणी आहे."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरनी."

"की तुझ्या सासूनं?" विमला पदर सारखा करत म्हणाली. "खोट कुणाच्या घरची, ते कळायला नको? एकदा माझ्या रक्तात निघालं की म्हणायला मोकळे, मुलगी दिली ती आजारीच दिली."

"मम्मी, त्या असं म्हणणाऱ्या नाहीत."

"तुला चार वर्षं झाली तिथे. मी सासूच्या हाताखाली वीस वर्षं काढलीत. मला काही झालेलं नाही. तू तुझी गोळी घे."

मानसीने पुढेही प्रयत्न केला. फोन केला की विमला उकडलेल्या अंड्यांविषयी बोलायची, बाळाच्या दुपट्यांविषयी बोलायची. तपासणीचं नाव निघालं की दारात कुणीतरी आलेलं असायचं. मानसी हरलेली नव्हती, पण दुसरा रस्ता तिला दिसत नव्हता. आईला ओढून नेता येत नाही आणि खरं कारण पुरतं सांगता येत नाही. 'हे मला तुझ्याकडून आलंय' हे वाक्य तिने मनात कितीतरी वेळा जुळवलं आणि प्रत्येक वेळी मोडलं.

त्या दिवसांत सेटवर एक गोष्ट झाली. मेकअपच्या खोलीत एक दादा दोन ज्युनिअर कलाकारांच्या भुवया एकाच ब्लेडने नीट करत होता. मानसी रोज ती खोली ओलांडायची. त्या दिवशी थांबली.

"दादा, दुसऱ्याला नवीन ब्लेड काढा."

"अगं, स्पिरिटनं पुसलंय."

"पुसून भागत नाही. रक्त डोळ्यांना दिसत नाही, तरी असतं. एक ब्लेड, एक माणूस."

"तुला बरं माहीत?"

"मला आहे ते," मानसी म्हणाली. "हिपॅटायटिस बी. म्हणून माहीत."

 खुर्चीत बसलेल्या मुलाने स्वतःच हात लांब करून नव्या ब्लेडचं पाकीट उचललं आणि दादाच्या हातात दिलं. मानसी फ्लोअरवर परत आली. तिला बरं वाटत होतं. परक्यांना इतकं सहज सांगता आलं. तिने ठरवलं, रविवारी घाटकोपरला जायचं आणि आईलाही असंच, उभ्या उभ्या सांगून टाकायचं.

रविवार यायच्या आत, शुक्रवारी दुपारी, नितेशचा फोन आला. आई घरात नाही, शेजारी नाही, फोन उचलत नाही. मानसी त्याला धीर देत होती तेवढ्यात सुगंधाचाच फोन आला. मागे गाडीची घोषणा चालू होती.

"गो मानसी, तुझ्या त्या डॉक्टरणीचा दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?"

"सहापर्यंत. का? तुम्ही कुठे आहात?"

"गुंदवलीला मेट्रो बदलतोय आम्ही. वर चढायचं की खाली, काही कळत नाही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि विहीणबाई," सुगंधा म्हणाली, आणि फोन बहुधा विमलाकडे धरला. पलीकडून विमला कुणालातरी विचारत होती, दहिसरची गाडी इथेच लागते ना.

मानसीने शूटिंगमधून सुट्टी मागितली आणि रिक्षाने बोरिवली गाठलं. दोघी बाकावर शेजारी बसल्या होत्या. विमलाच्या कोपराच्या आत कापूस चिकटवलेला होता. सुगंधाच्या मांडीवर दोघींच्या पर्सेस होत्या.

"तुम्ही एकट्या गेलात घाटकोपरला?" मानसीने विचारलं.

"गेले. चहा प्यायले. घेऊन आले," सुगंधा म्हणाली. याहून जास्त तिने कधीच काही सांगितलं नाही.

रिपोर्ट आले. विमलाच्या रक्तात तोच विषाणू होता, आणि सोनोग्राफीत यकृत काही ठिकाणी कडक झालेलं दिसलं. डॉ. स्वरदांनी तिला यकृताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी रोजची गोळी चालू केली, मीठ कमी करायला सांगितलं, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लिहून दिली. आणखी उशीर झाला असता तर फार थोडं हातात राहिलं असतं, असं ते म्हणाले. आता वेळ आहे, असंही म्हणाले. विमलाने दोन्ही वाक्यं शांतपणे ऐकली आणि गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते विचारलं.

बाहेर आल्यावर नितेश औषधं घ्यायला गेला. मायलेकी रुग्णालयाच्या आवारातल्या कठड्यावर बसल्या. गुलमोहराची पानं विमलाच्या साडीवर पडत होती आणि ती एकेक उचलून बाजूला ठेवत होती.

"माझ्याकडूनच आलं ना तुला?"

मानसीला खोटं बोलता आलं असतं. डॉक्टरही नक्की असं कुठे म्हणाल्या होत्या.

"बहुतेक," ती म्हणाली.

"मग तसं सांगायचंस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

विमलाने विचार केला. "नसते आले. लाजेनं घरीच मेले असते." साडीवरचं आणखी एक पान उचलत ती म्हणाली, "माझी आई शेवटी अशीच गेली. पोटात पाणी झालं होतं तिच्या. आम्हाला वाटलं, कुणाचा तरी तळतळाट. आता तिला कुठून विचारणार?"

"तिला कुणी दिलं असेल, ते तिलाही माहीत नसेल."

"नसणारच." विमलाने मुलीचा हात धरला. "सुगंधाताई आल्या त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले. चुकांचा हिशेब करायला आलात का, असं म्हटलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, माझ्या भावाला काय झालं होतं, ते कुणी बघितलंसुद्धा नाही. आम्ही सगळे त्याच्यापासून लांब पळालो. मी रक्त तपासायला दिलं, नितेशनं दिलं. घरातलं एकच माणूस राहिलंय, म्हणून आले."

"घरातलं म्हणाल्या?"

"हो ना." विमला उठली. नितेश पिशवी घेऊन येताना दिसत होता. "मग मी साडी बदलली."

नववा महिना लागला तशी सुगंधा रुग्णालयाला परिचित झाली. मानसीला तपासायला नेलं की ती औषधांच्या खिडकीवर जाऊन विचारायची, बाळाची इंजेक्शनं फ्रीजमध्ये आहेत ना, ऐनवेळी बाहेरून आणायला लागणार नाहीत ना. एकदा तिथल्या मुलीने 'असतात' म्हटलं, तर सुगंधाने 'असतात नको, आहेत का ते बघून सांगा' असं म्हणून तिला आत पाठवलं होतं. विमलाच्या पायांची सूज उतरली होती. ती दहिसरला मानसीच्या घरी राहायला आली होती आणि बाळाची झबली शिवत होती. गोळीची वेळ झाली की दोघींपैकी जिला आठवेल ती दुसरीला हाक मारायची. कधी ती हाक मानसीसाठी असे, कधी विमलासाठी.

मंगळवारी सकाळी मानसी बाळंत झाली. मुलगी झाली. थकलेली मानसी खाटेवर पडून होती. सिस्टर अक्षता बाळाला पुसून, गुंडाळून शेजारच्या टेबलावर घेऊन आली आणि तिने ट्रेमध्ये दोन सिरिंज ठेवल्या. दोन्ही आज्यांना आत बोलावलं.

"एकीनं कुणीतरी पाय धरा. हलवू द्यायचे नाहीत. आज्यांना बघवत नाही, मला माहितेय. नाहीतर बाबांना बोलवा."

सुगंधा आधी पुढे झाली होती. ती थांबली. तिने विमलाच्या पाठीला हात लावला आणि तिला टेबलाकडे सरकवलं.

"तुम्ही धरा."

विमलाने दुपटं बाजूला केलं. बाळाचे दोन्ही पाय तिच्या एकाच मुठीत मावले. पहिली सुई उजव्या मांडीत गेली आणि बाळाने श्वास रोखला. चेहरा लाल झाला. मग ते किंचाळून रडू लागलं. मानसीने उशीवरून मान उचलली. सुगंधा भिंतीकडे बघत उभी होती.

"आणखी एक," सिस्टर म्हणाली.

विमलाची पकड सुटली नाही. दुसरी सुई डाव्या मांडीत गेली, बाहेर आली, सिस्टरने कापूस दाबला. बाळ आता सारं अंग ताठ करून ओरडत होतं. सिस्टरने त्याला घ्यायला हात पुढे केले.

"झालं, आजी. सोडा. द्या इकडे, मी गप्प करते."

"दोन्ही दिलीत?" विमलाने विचारलं.

"दोन्ही दिली."

विमलाने बाळाला उचलून छातीशी घेतलं.

"मग रडू दे तिला," ती म्हणाली.